आधी भाड्याने राहा, मग घर घे

बेटा,

आशीर्वाद. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात लागलास, आता शहरातलं भाडं झेपत नाही म्हणून गावाकडे घर बघतोयस, ते ठीकच आहे. पण तू म्हणतोस ते पाळधी गाव कारखान्यापासून शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे. खोली स्वस्त मिळेल, पण रोज अख्खं जळगाव ओलांडायचं, वाचलेलं भाडं पेट्रोलात जाईल. कुसुंबा, नशिराबाद तुझ्या बाजूला पडतात, तिथे बघ.

फोटो पाठवलास तो दोन गुंठ्यांचा प्लॉट विसर. स्वस्त आहे, कारण ती शेतजमीन आहे. बिनशेती झालेली नाही, तुकडेबंदीत, म्हणजे शेतीचे लहान तुकडे विकायला रोखणाऱ्या कायद्यात, खरेदीखत अडकू शकतं, आणि स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दिल्याने जागा नावावर होत नसते. त्यापेक्षा गावठाणातलं घर बरं. तिथे तुला नमुना आठचा उतारा दाखवतील. ग्रामसेवकीत जन्म गेला माझा, म्हणून सांगतो: तो घरपट्टीचा कागद, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जाताहेत. तिथे मोजणी झाली असेल तर सनद, म्हणजे त्या मोजणीनंतर मिळणारा मालकीचा कागद, दाखवा म्हण.

जुनं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं, घर मिळालं तर नाक मुरडू नकोस. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे गेला की पत्र्याखाली दुपारी डोळा लागत नाही, आणि तुला रात्रपाळी करून दिवसाच झोपायचंय. मात्र मृगाआधी धाब्यावर खारी माती पडायलाच हवी. ती मालक टाकणार की तू, हे आधीच बोलून घे. लाकडी तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे किल्लीने टोचून बघ. भुगा गळला तर लाकडाला कीड लागलीय, दुसरं घर शोध. सिमेंटचं असेल तर तिरक्या भेगा बघ. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर भिंत तडकतेच.

पाण्याचं मालकाला विचारूच नकोस. शेजारच्या काकूंना विचार, नळ किती दिवसांआड येतो. त्यांच्या दारातले ड्रम मोजलेस तरी समजेल.

अकरा महिन्यांचा करार कर. एक उन्हाळा नि एक पावसाळा त्याच घरात निघाला, की विकत घ्यायचं बोलू. मालक घाई करेल, करू दे. उताऱ्याचा फोटो पाठव. नाव हयात माणसाचं आहे की वारस लागायचे राहिलेत, बघून कळवतो. तोवर टोकन देऊ नकोस.

तुझा,
अप्पा