युद्धपूर्व, युद्धाआधीची की युद्धाच्या तोंडावरची?

प्रश्न असा आला आहे: पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या चार-पाच वर्षांत जगभर लिहिल्या गेलेल्या कवितेवर एक लेख तयार आहे. त्यात कुठे 'युद्धपूर्व कविता', कुठे 'युद्धपूर्वीची कविता', तर कुठे 'युद्धाच्या पूर्वसंध्येची कविता' असं लिहिलं गेलं. संपादक म्हणतात, सगळीकडे 'युद्धपूर्व' करा, लेख एकसारखा दिसेल. तसं करावं का? आणि एडवर्ड थॉमस या इंग्रज कवीच्या 'ॲडलस्ट्रॉप'ला युद्धपूर्व कविता म्हटलेलं चालेल का?

सगळीकडे 'युद्धपूर्व' करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. 'युद्धपूर्वीची' हे रूप मात्र काढाच. 'पूर्वी' हे शब्दयोगी अव्यय आहे, त्याच्या आधीच्या नामाचं सामान्यरूप व्हायला हवं: जेवणापूर्वी, लग्नापूर्वी, तसंच युद्धापूर्वी. 'युद्धपूर्व' हा समास आहे, त्यात सामान्यरूप येत नाही. 'युद्धपूर्वीची' हे दोहोंचं कडबोळं झालं. 'स्वातंत्र्यपूर्वीचा काळ' असंही सर्रास छापलेलं दिसतं, तिथेही तीच चूक आहे.

आता 'युद्धपूर्व'कडे. संस्कृतात समासाच्या शेवटी 'पूर्व' आला की पुष्कळदा 'जे आधी आहे ते' असा अर्थ निघतो. वाल्मीकींचा राम 'स्मितपूर्वाभिभाषी' आहे, म्हणजे त्याच्या बोलण्याआधी हसू उमटतं. 'बुद्धिपूर्व' केलेल्या कृत्याच्या आधी बुद्धी असते. आपण रोज वापरतो ते 'विचारपूर्वक' आणि 'आदरपूर्वक' त्याच घराण्यातले. या हिशेबाने 'युद्धपूर्व कविता' म्हणजे जिच्या आधी युद्ध होऊन गेलं आहे ती कविता! आपण जिला युद्धोत्तर म्हणतो, नेमकी ती. हे सांगताना मला दर वेळी नव्याने गंमत वाटते, पण म्हणून शब्द टाकून द्यायचा नाही. 'स्वातंत्र्यपूर्व', 'विवाहपूर्व', 'प्रसूतिपूर्व' हे शब्द मराठीत पक्के झाले आहेत आणि त्यांचा अर्थ कुणी उलटा लावत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. हे तीन शब्द दिसायला सारखे असले तरी दोन जातींचे आहेत. प्रसूतिपूर्व तपासणीला जाणाऱ्या बाईला प्रसूती होणार हे माहीत असतं. विवाहपूर्व समुपदेशनाला बसलेल्या जोडप्याची तारीख ठरलेली असते. पुढे काय आहे, ते त्या माणसांच्याच डोळ्यांसमोर असतं. 'स्वातंत्र्यपूर्व काळ' म्हणताना मात्र १९४७ हा आकडा आपल्याला माहीत असतो; १९१० साली शेतात राबणाऱ्या माणसाला तो माहीत नव्हता. 'युद्धपूर्व' हा या दुसऱ्या जातीचा शब्द आहे, पण वाचणारा त्याला नकळत पहिल्या जातीत ढकलतो. युद्धपूर्व कविता म्हटलं की कवी युद्धाची वाट पाहत बसला होता, असं चित्र तयार होतं. मग वाचक त्या कवितेत तोफांचा धूर शोधू लागतो.

रशियन कवयित्री ॲना आख्मातोवाचा 'चोत्की', म्हणजे 'जपमाळ', हा संग्रह १९१४च्या मार्चमध्ये पीटर्सबर्गला निघाला. त्यात प्रेमाचे, दुराव्याचे, एकटेपणाचे प्रसंग आहेत. पुढे तिने स्वतःच लिहिलं आहे की या पुस्तकाला जेमतेम सहा आठवड्यांचं आयुष्य मिळालं. उन्हाळ्यात सगळे पीटर्सबर्ग सोडून गेले आणि परतले ते पेत्रोग्राडला, एकोणिसाव्या शतकातून थेट विसाव्यात. शहराचं जर्मन वळणाचं नाव युद्ध सुरू होताच बदललं होतं. आता पाहा, हे 'सहा आठवडे' मोजता आले ते नंतर. कविता लिहिताना त्या बाईंना असला कोणताही हिशेब ठाऊक नव्हता. फ्रेंच कवी गियोम अपोलिनेरचा 'आल्कूल' हा संग्रह १९१३चा. त्याने मुद्रितं तपासताना संग्रहातली सगळी विरामचिन्हं काढून टाकली. शिकागोत १९१२ साली हॅरिएट मन्रो यांनी 'पोएट्री' हे मासिक काढलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबर अंकात रवींद्रनाथांच्या कविता छापल्या. त्यांना नोबेल मिळालं ते त्यानंतर, १९१३मध्ये. या सगळ्यांना चालना मिळाली ती नव्या रूपाच्या, नव्या लयीच्या ओढीने. यांच्यासाठी 'युद्धाआधीची' हा साधा शब्द पुरे. तो नुसती वेळ सांगतो, कवीच्या मनात काही घालत नाही.

याउलट काहींच्या कवितेत युद्ध खरोखरच दिसत होतं, आणि त्यांच्यासाठी मराठीत किती नेमके शब्द आहेत! 'तोंडावर' हा त्यातला माझा आवडता. पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारून घेतात, परीक्षा तोंडावर आली की पोरं पुस्तक उघडतात. यात जवळ येणं आहे आणि ते जवळ आल्याची जाणीवही आहे. इंग्रज कवी टॉमस हार्डीची 'चॅनल फायरिंग' ही कविता १९१४च्या एप्रिलमधली, मे महिन्यात छापून आलेली. समुद्रावर आरमाराचा तोफांचा सराव चालू आहे. त्या आवाजाने चर्चच्या आवारातले मेलेले लोक शवपेट्यांत उठून बसतात, कयामतचा दिवस आला असं त्यांना वाटतं. देव म्हणतो, तसं काही नाही, हा नुसता सराव आहे, जग पूर्वी होतं तसंच आहे. शेवटी तोफांचा तो आवाज आत दूरवर, ताऱ्यांच्या उजेडातल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळापर्यंत पोचतो. युद्ध चार महिन्यांवर होतं आणि सराव कशासाठी चालतो हे कवीला कळत होतं. ही युद्धाच्या तोंडावरची कविता. तिला 'युद्धपूर्व' म्हणणं चूक नाही, पण तिचं धारदार टोक त्याने बोथट होतं.

बर्लिनचा कवी गेओर्ग हाइम मात्र 'तोंडावर' या शब्दात मावत नाही. मोरोक्कोवरून फ्रान्स आणि जर्मनी एकमेकांवर गुरकावत होते, त्या १९११ सालच्या शरदात त्याने 'युद्ध' नावाची कविता लिहिली. फार काळ निजलेला तो आता उठून उभा राहिला आहे, अशी तिची सुरुवात. पुढे तो राक्षसासारखा शहरं चिरडत, आगी पेरत जातो. खरं युद्ध तीन वर्षं दूर होतं. ते पाहायला हाइम राहिला नाही. १९१२च्या जानेवारीत हाफेल नदीच्या बर्फावर स्केटिंग करताना तो बुडाला, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. त्याच शहरात, १९११च्याच जानेवारीत याकोब फान होडिसची 'जगाचा अंत' ही आठ ओळींची कविता छापून आली होती. तिच्यात टोपी वाऱ्याने उडते, समुद्र किनाऱ्यावर उड्या मारतो, बहुतेकांना सर्दी झालेली असते आणि आगगाड्या पुलांवरून कोसळतात. युद्धाचं नावही नाही. रवींद्रनाथांचीही एक कविता इथे आठवते. १९१४च्या मे महिन्यात, नैनितालजवळच्या रामगढला त्यांनी सर्वनाश घेऊन येणाऱ्याच्या आगमनावर लिहिलं. पुढे ती 'बलाका' या संग्रहात आली. युरोपात तेव्हा या युद्धाची एकही गोळी सुटली नव्हती.

अशा कवितांसाठी 'चाहूल' हा शब्द मी सुचवेन. माणूस दिसण्याआधी ऐकू येणारी पावलं, ती चाहूल. ती कोणाची आहे हे कळलेलं नसतं, आणि काही वेळा दार उघडलं तर बाहेर कुणीही नसतं. हाइमच्या कवितेला 'भविष्यवाणी' म्हणण्याचा मोह टाळा. भविष्यवाणीत खात्री असते आणि ती खरी ठरल्यावरच तिला भाव येतो. चाहूल लागते ती त्या क्षणी खरीच असते, पुढे कुणी येवो न येवो.

आणि इटालियन कवी मारिनेत्तीचं काय? १९०९च्या २० फेब्रुवारीला पॅरिसच्या 'ल फिगारो' या वर्तमानपत्रात त्याचा जाहीरनामा आला, त्यात युद्ध म्हणजे जगाची एकमेव स्वच्छता असं म्हणून त्याचा गौरव केला होता. ही चाहूलही नव्हे आणि भीतीही नव्हे. हे सरळ युद्धाला दिलेलं आवतण होतं. एकाच 'युद्धपूर्व' या गठ्ठ्यात मारिनेत्ती आणि आख्मातोवा यांना बांधलं, तर वाक्य एकसारखं दिसेल हे खरं, पण तो अन्याय होईल, आणि मला तो सहन होत नाही.

'पूर्वसंध्या'विषयी थोडक्यात. संस्कृतातली पूर्वा संध्या म्हणजे पहाटेची. मनुस्मृतीत तिचा जप सूर्य दिसेपर्यंत उभं राहून करायला सांगितलं आहे. आपण वर्तमानपत्री मराठीत तिची आदली संध्याकाळ केली, तेही आता रूढ आहे. पण मग ती एकच संध्याकाळ असू द्या. ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्ट १९१४ला. ३ ऑगस्टला संध्याकाळी लंडनमध्ये दिवे लागत असताना परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे खिडकीतून पाहत म्हणाले होते की साऱ्या युरोपातले दिवे मालवत आहेत. ती पूर्वसंध्या. १९०९ ते १९१४ अशी पाच वर्षांची पूर्वसंध्या मराठीत बसत नाही.

लेख मराठी वाचकांसाठी आहे, म्हणून 'पहिल्या' हा शब्द एकदा तरी ठळकपणे लिहा. आपल्या समीक्षेत 'महायुद्ध' म्हटलं की मनात येतं ते बहुधा दुसरं, कारण आपल्या कवितेतलं मोठं वळण त्याच्या आसपास आहे. मर्ढेकरांचा 'शिशिरागम' १९३९चा आणि 'काही कविता' १९४७चा. एकाच कवीच्या या दोन संग्रहांच्या मध्ये ते युद्ध पडलं आहे. बालकवींना मात्र 'युद्धपूर्व' म्हणून काहीच हाती लागत नाही. ते १९१८च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेले, तेव्हा युरोपातलं युद्ध चालूच होतं. त्यांच्या निर्झराला आणि औदुंबराला त्या कॅलेंडरात कोंबण्यात अर्थ नाही.

आता 'ॲडलस्ट्रॉप'. १९१४च्या २४ जूनला एडवर्ड थॉमसची गाडी ग्लॉस्टरशरमधल्या या लहानशा स्टेशनवर अवचित थांबली. वाफ फुसफुसली, कुणी तरी घसा खाकरला, कुणी चढलं नाही, उतरलं नाही. मग एक पक्षी गायला आणि त्याच्याभोवती दूरदूरचे, दोन परगण्यांतले सगळे पक्षी. सोळा ओळींत एवढंच. चार दिवसांनी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि त्यातून युद्ध पेटलं. पण कविता लिहिली गेली १९१५च्या जानेवारीत, म्हणजे त्या उन्हाळ्याचं काय झालं हे सगळ्यांना कळल्यावर. थॉमसने कविता लिहायला सुरुवातच मुळी १९१४च्या डिसेंबरात केली होती. पुढे तो सैन्यात गेला आणि १९१७च्या ९ एप्रिलला फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत मारला गेला.

तेव्हा 'युद्धपूर्व कविता' हे इथे चालणार नाही. प्रसंग युद्धाआधीचा आहे, कविता युद्धकाळातली. तिच्यात युद्धाचा शब्दही नाही, तरी त्या स्टेशनवरची शांतता आपल्याला आज जशी ऐकू येते, तशी ती जूनमध्ये लिहिली असती तर आली नसती, असं मला मनापासून वाटतं. मी असं लिहीन: 'युद्धाच्या सहाव्या महिन्यात आठवलेली, युद्धाआधीच्या एका दुपारची कविता.' संपादकांना वाक्य लांब वाटलं, तर महिन्याचा हिशेब काढून टाका. 'आठवलेली' मात्र ठेवा. हो, मला ते गाव आठवतं, अशीच ती कविता सुरू होते.