मुलगा ब्रायन स्निटकरचं उदाहरण देतो, त्याला काय सांगू?

प्रश्न: आम्ही मूळचे सांगलीचे. बरीच वर्षं अटलांटाजवळ ग्विनेट काउंटीत राहतो, मुलाचा जन्म इथलाच. तो यंदा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. कॉलेजच्या बेसबॉल संघात कॅचर आहे, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा. पुढे व्यावसायिक खेळाडू होण्याइतका तो चांगला नाही हे त्याच्या कोचनं स्पष्ट सांगितलंय आणि त्यालाही ते पटलंय. आता म्हणतो, कोचिंगमध्ये जाणार. एका विमा कंपनीत नोकरी जवळजवळ पक्की आहे, ती नको म्हणतो. शैक्षणिक कर्ज अजून फिटायचंय. वाद झाला की अटलांटा ब्रेव्ह्ज संघाचे मॅनेजर राहिलेल्या ब्रायन स्निटकरचं नाव काढतो. "आई, त्यांना साठाव्या वर्षी संधी मिळाली आणि त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकून दाखवली." साठीपर्यंत याला पोसणार कोण? हे उदाहरण खरंच घेण्यासारखं आहे का?
– एक आई

उत्तर:

नमस्कार ताई,

मुलानं नाव चांगलं काढलंय, पण गोष्ट तो शेवटाकडून सांगतोय. साठाव्या वर्षी मॅनेजर, सहासष्टाव्या वर्षी विजेतेपद हे ऐकायला छान वाटतं. तुम्हाला निर्णय घ्यायचाय तो मात्र त्याआधीच्या पस्तीसेक वर्षांचा, आणि ती वर्षं बातम्यांत दोन ओळींत उरकलेली असतात. म्हणून तीच जरा सविस्तर मांडते. दोघं मिळून वाचा.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच, की बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे मुख्य प्रशिक्षक. खेळाडूंसारखाच गणवेश घालून तो डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकावर असतो, पिचर (चेंडू टाकणारा) कधी बदलायचा, बॅटिंगचा क्रम काय ठेवायचा हे ठरवतो. बॅटिंग, पिचिंग, बुलपेन (राखीव पिचर तयारी करतात ती जागा), पहिला बेस, तिसरा बेस यांचे वेगळे कोच त्याच्या हाताखाली असतात. सगळ्यात वरची व्यावसायिक स्पर्धा म्हणजे मेजर लीग, तिच्या संघांसाठी खेळाडू घडवणारे खालचे संघ म्हणजे मायनर लीग, आणि मेजर लीगची अंतिम लढत म्हणजे वर्ल्ड सिरीज.

स्निटकर यांचा जन्म 1955 चा, इलिनॉय राज्यातला. 1977 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक फेरीत, त्यांना एकाही संघानं निवडलं नाही. ब्रेव्ह्जनं ड्राफ्टबाहेरून करार करून घेतलं. तेही कॅचरच. चार हंगाम मायनर लीगमध्ये काढले, मेजर लीगमध्ये एकही सामना मिळाला नाही. त्या वेळी ब्रेव्ह्जमध्ये नवे खेळाडू घडवण्याच्या विभागाचे प्रमुख होते हँक आरन, 755 होम रनवाले. त्यांनी या पंचविशीतल्या मुलाचं खेळणं थांबवलं आणि त्याला कोचिंगचं काम दिलं. तुमच्या मुलाला त्याच्या कोचनं जे सांगितलं, साधारण तेच स्निटकरना आरन यांच्याकडून ऐकावं लागलं. फरक एवढाच, की तिथे नकारासोबत नोकरीही मिळाली.

1982 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या अँडरसन या लहानशा गावच्या संघाचे ते मॅनेजर झाले. त्यानंतर डरहॅम, मेकन, मर्टल बीच, मिसिसिपी, रिचमंड अशी गावं बदलत राहिली, पण मालक तेच, ब्रेव्ह्ज. मधूनमधून मेजर लीगमध्ये बोलावणं यायचं. 1985 मध्ये बुलपेन कोच झाले आणि पुढच्याच वर्षी परत खाली गेले. 1988 ते 1990 पुन्हा बुलपेन, पुन्हा खाली. मग सोळा वर्षं मायनर लीगमध्येच. 2007 मध्ये तिसऱ्या बेसचे कोच म्हणून वर आले आणि 2013 पर्यंत टिकले. त्यानंतर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना पुन्हा एक पायरी खाली धाडलं, ट्रिपल-ए (मायनर लीगची सगळ्यात वरची पायरी) संघाचा मॅनेजर म्हणून. तो संघ कुठला, तर ग्विनेटचा. तुमच्या काउंटीतला, लॉरेन्सव्हिलच्या मैदानावरचा.

तीनदा वर, तीनदा खाली. मुलाला विचारा, हा भाग तू मित्रांना सांगतोस का?

या लहान गावांतलं काम काय असतं, तेही बघू. मायनर लीगचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. हल्ली बहुतेक ठिकाणी मंगळवार ते रविवार सलग सहा सामने आणि सोमवारी सुट्टी असते, तीही पुष्कळदा बसमध्ये जाते. सामना संध्याकाळी, पण कोचिंगवाले दुपारीच मैदानावर हजर. हातानं शेकडो चेंडू टाकून बॅटिंगचा सराव द्यायचा, फील्डरना सरावासाठी बॅटनं चेंडू मारून द्यायचे, सामना झाला की कोण कसा खेळला त्याचा अहवाल वर पाठवायचा. इथे जिंकणं दुय्यम असतं. पिचरनं किती चेंडू टाकायचे हे वरून ठरलेलं असतं, तेवढे झाले की सामना हातातून जात असला तरी त्याला काढायचं. चांगला खेळाडू हाती आला की वरच्या संघात पाठवायचा. आणि ज्याला संघ काढून टाकणार आहे त्या बावीस वर्षांच्या पोराला खोलीत बोलावून, दार लावून, ते सांगायचं कामही मॅनेजरचंच.

तुम्ही सांगलीच्या, म्हणून म्हणते, तालमीतला वस्ताद डोळ्यांसमोर आणा. गदा पठ्ठ्याच्या खांद्यावर जाते आणि वस्ताद दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा माती उकरायला हजर असतो. स्निटकर यांची बहुतेक कारकीर्द अशी गेली, आणि ते त्यात रमले असावेत असं मला वाटतं. नाहीतर 1990 नंतरच्या त्या सोळा वर्षांत कधीतरी त्यांनी दुसरा धंदा धरला असता.

आता तुमच्या मुलाचा आवडता भाग. 2016 च्या मे महिन्यात ब्रेव्ह्ज 9 जिंकून 28 हरले होते. मॅनेजरला काढलं आणि ग्विनेटहून स्निटकरना हंगामी म्हणून आणलं. त्यांच्या हाताखाली संघानं उरलेल्या सामन्यांत 59 जिंकले, 65 हरले. डोळे दिपवणारं काही नाही, पण त्या संघाकडून तेवढंही पुष्कळ होतं. ऑक्टोबरमध्ये ते कायम झाले. पुढच्या वर्षी 90 पराभव. 2018 मध्ये 90 विजय, आपल्या विभागात पहिला क्रमांक आणि मेजर लीगच्या दोन भागांपैकी नॅशनल लीगमधला सर्वोत्कृष्ट मॅनेजर हा मान. तिथून सलग सहा वर्षं विभाग त्यांचाच. 2021 मध्ये जुलैत त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू रोनाल्ड अकुन्या गुडघ्याच्या दुखापतीनं हंगामाबाहेर गेला. संस्थेनं चार नवे आउटफील्डर आणून दिले, त्यांना घेऊन यांनी 88 विजयांवर गाडी प्लेऑफपर्यंत नेली आणि ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजना 4-2 हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. 1995 नंतर ब्रेव्ह्जचं पहिलं विजेतेपद. हँक आरन त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. 2025 च्या हंगामानंतर स्निटकर यांनी मॅनेजरपद सोडलं, पण सल्लागार म्हणून ते त्याच संस्थेत राहिले.

ही झाली हकिगत. आता माझं मत सांगते. समजा त्या मे महिन्यात बोलावणं आलंच नसतं, आणि आणखी चार-पाच वर्षांनी ते ग्विनेटमधूनच निवृत्त झाले असते. मग ते आयुष्य मुलाला चाललं असतं का? त्याला प्रश्न विचारायचा तर हाच विचारा, आणि लगेच उत्तर मागू नका. 'हो, तरीही चाललं असतं' असं तो शांतपणे म्हणाला, तर त्याला अडवू नये असं मी म्हणेन. 'पण मला मिळेलच' असं म्हणाला, तर अजून विचार झालेला नाही. मेजर लीगमध्ये मॅनेजरच्या जागा तीस. स्निटकर यांचं नाव आपल्याला ठाऊक आहे कारण त्यांना ती मिळाली. तितकीच वर्षं तितक्याच बसमध्ये बसलेले आणि तिसाव्या-पस्तिसाव्या हंगामानंतर गुपचूप घरी गेलेले कितीतरी आहेत. त्यांची उदाहरणं कुठलाच मुलगा आईला देत नाही.

दुसरं म्हणजे, काळ बदललाय आणि तो नुसता वाईट दिशेनं बदललाय असंही नाही. त्या 2021 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये समोरच्या डगआउटमध्ये स्निटकर यांचा मुलगा ट्रॉय होता, अ‍ॅस्ट्रोजचा बॅटिंग कोच. तोही मायनर लीगमध्ये थोडाफार खेळला, मग एका लहान कॉलेजात सहाय्यक कोच झाला, आणि तिशीच्या आसपास मेजर लीगच्या कोचच्या जागी पोचला. वडिलांना ज्या मजल्यावर टिकायला पन्नाशी उलटावी लागली, तिथे मुलगा वीसेक वर्षं आधी. कारण आता संघ कोचकडून वेगळं काही मागतात. चेंडू किती फिरला, बॅट कुठल्या कोनातून आली हे कॅमेरे आणि रडार मोजतात, आणि ते आकडे खेळाडूला त्याच्या भाषेत सांगू शकणारा माणूस हवा असतो. संख्याशास्त्र शिकलेला कॅचर ही जोडी इथे कामाची आहे. कॅचरला सगळं मैदान समोर दिसतं, पिचरशी रोज बोलावं लागतं. जो टोरी, ब्रूस बोची, माइक सोशिया हे नावाजलेले मॅनेजर मूळचे कॅचर. तेव्हा 'इतकं शिकवलं ते चेंडू फेकायला का' हा विचार मनात असेल तर काढून टाका, त्याचं शिक्षण वाया जात नाही.

त्याच्या जोडीला स्पॅनिश मात्र शिकायलाच हवी. मायनर लीगच्या खोल्यांमध्ये डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाची सतरा-अठरा वर्षांची मुलं भरपूर असतात. त्यांच्याशी दुभाष्याविना बोलणारा तरुण कोच लवकर नजरेत भरतो.

वाईट बाजूही आहे. 2021 मध्ये मेजर लीगनं मायनर लीगची फेररचना केली आणि संलग्न संघ सुमारे 160 वरून 120 वर आणले. जेवढे संघ गेले तेवढ्या मॅनेजर-कोचच्या जागाही गेल्या. शिवाय एकाच संस्थेत जवळजवळ पन्नास वर्षं राहणं हे स्निटकर यांच्या पिढीतही दुर्मीळ होतं, आता तर त्यावर हिशेब मांडूच नये. वरचा अधिकारी बदलला की खालची माणसं बदलतात.

मायनर लीग हा एकच रस्ताही नाही, आणि इथे मुलाचा थोडा आंधळेपणा दिसतो. कॉलेज बेसबॉल आहे. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता सहाय्यक कोच होता येतं, फीचा भार बराच हलका होतो. पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांमध्ये बिनपगारी 'स्वयंसेवक कोच' ठेवायची पद्धत होती, ती 2023 पासून बंद झाली, तेव्हा फुकट राबण्याची एक वाट तरी कमी झाली. तिसरी वाट हायस्कूलची. तिथे कोच बहुधा शिक्षकच असतो, पगार शिक्षकीचा आणि कोचिंगचा वरखर्च वेगळा. गणित शिकवू शकणाऱ्या माणसाला अमेरिकेतल्या शाळा सहसा नाही म्हणत नाहीत. घर, लग्न, मुलंबाळं हा तुमच्या पत्रात न लिहिलेला प्रश्न मला दिसतोय. या तीन वाटांपैकी हायस्कूलची वाट त्याला सगळ्यात सोपं उत्तर देते.

पैशाचं बघू. 'कोण पोसणार' याचं उत्तर तुम्ही आधीच ठरवा आणि त्याला स्पष्ट सांगा. माझ्या मते तुम्ही द्यावं ते एवढंच: घरात राहायला जागा, आणि सव्वीस वर्षांचा होईपर्यंत तुमच्या आरोग्यविम्यात नाव, जे तिथल्या कायद्यानं ठेवता येतं. कर्जाचा हप्ता त्याचा त्यानं भरावा. नोव्हेंबर ते जानेवारी मैदानं थंड असतात, तेव्हा तो काय कमावणार हे त्यानं कागदावर लिहून दाखवावं. लहान मुलांचे खासगी सराववर्ग हा बऱ्याच तरुण कोचचा हिवाळ्यातला आधार असतो. नोकरीचं पत्र आलं तर पगाराच्या आकड्याआधी दोन गोष्टी बघा: करार बारा महिन्यांचा की हंगामापुरता, आणि परगावी राहण्याची सोय संघ करतो की नाही. सव्विसाव्या वर्षी विमा सुटेल, तेव्हा सगळ्यांनी पुन्हा बसून बोलायचं, हे आजच ठरवून ठेवा. 'तिशीपर्यंत मेजर लीग, नाहीतर परत ये' असली अट मात्र घालू नका. ती पाळणं त्याच्या हातात नाही.

आता विमा कंपनीचं. मुलगा मे महिन्यात पदवीधर होईल. जून-जुलैमध्ये कॉलेजच्या खेळाडूंच्या उन्हाळी लीग भरतात, तिथे तरुण सहाय्यक कोच लागतात. त्यानं एक उन्हाळा ते काम करून बघावं, रोज, पूर्ण हंगाम. व्यावसायिक संघांच्या पुढच्या वर्षीच्या जागा साधारण ऑक्टोबरपासून भरायला लागतात, त्यामुळे उन्हाळा संपल्यावर अर्ज करायलाही वेळ राहतो. तेव्हा त्यानं कंपनीला आत्ता नकार कळवू नये. रुजू होण्याची तारीख जानेवारीपर्यंत पुढे ढकलता येईल का, असं पत्र त्यानं स्वतः लिहावं. तुम्ही लिहू नका.