आधी जागा लिही, नाव नंतर

तुझा मेसेज दोनदा वाचला. चाळीस कुप्या, प्रत्येकीत दोन-दोन मिलिमीटरचे काळे ठिपक्यांएवढे पाणभुंगेरे, एकाच्याही जातीचं नाव लागत नाही, म्हणून "सगळं फुकट गेलं का सर" असं विचारतेयस. अगं फुकट कसलं! पण फोटो मोठा करून तुझं लेबल बघितलं, "ओढा, वरचा भाग", आणि खरं सांगतो, राग आला.

ओढ्यात कुठे? खळखळत्या पाण्यातल्या दगडाला धरून बसलेला एल्मिडी कुळातला भुंगेरा पोहत नाही, मोठ्या नख्यांनी चालतो, अंगावरच्या दाट केसांत हवेचा पातळ थर धरून त्यावरच जगतो, वर यायची गरजच नाही, पण पाणी वाहतं आणि भरपूर ऑक्सिजनचं हवं. हातभर अंतरावर खडकातल्या डबक्यातला डायटिस्किडी कुळातला भुंगेरा मात्र हवा घ्यायला शेपटाकडून वर येतो, ती पंखांखाली साठवतो. आणि हायड्रेनिडी कुळातले काठच्या भिजलेल्या शेवाळात. तुझ्या लेबलवर तिघंही "ओढा"!

डबकं आज आहे, उद्या आटेल, म्हणून तिथल्या जाती उडून नवं पाणी शोधतात आणि दूरवर पसरलेल्या सापडतात. वाहत्या पाण्यातल्या बऱ्याच जातींचा पसारा त्यामानाने लहान असतो. जागाच लिहिली नाहीस तर नकाशावर हे दोन्ही एकाच ठिपक्यात जाणार ना.

मी हेच केलं. कितीतरी वर्षं नावांच्या मागे लागलो, जात ओळखायला नर उघडून जननेंद्रिय बघत रात्री घालवल्या, नावं बरोबर लागली, आणि आज ते भुंगेरे दगडाखालचे की शेवाळातले हे मलाच सांगता येत नाही. नंतर हट्टच धरला. एका वरिष्ठांनी माझ्या संशोधनाच्या पेपरमधला अधिवासाचा कॉलम काढून टाक म्हटलं, मी नाही काढला, तो पेपर तसाच पडून राहिला. माझे पेपर कमी आहेत ते यामुळेच, वाईट वाटतं कधीकधी, पण माझं चुकलं असं आजही वाटत नाही.

नावं राहू देत, अल्कोहोलमधला भुंगेरा पाच वर्षांनी बघितलास तरी चालेल. आठवतंय तोवर आजच बसून प्रत्येक कुपीची जागा लिही, वाहतं की साचलेलं, खडी की शेवाळ, किती खोल. आठवत नसेल तिथे "आठवत नाही" लिही, अंदाज नको. जिथे काहीच मिळालं नाही ती जागासुद्धा लिही.

आणि पुढच्या वेळी शेवाळ पांढऱ्या ट्रेमध्ये पिळलंस की लगेच ओतून देऊ नकोस, दहा मिनिटं बघत बस, हायड्रेनिडी उशिरा हलायला लागतात.