‘कयाधू’ नाव लेकीला ठेवलं तर चालेल का?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ताई परभणीच्या, सासर हिंगोलीचं, पहिलं बाळंतपण म्हणून सध्या माहेरी आहेत आणि मुलगी झालीय. मिस्टर पुण्यात, त्यांनी मोबाईलवरच्या कुठल्यातरी ॲपमधून ‘आरवी’ आणि ‘रेयांशी’ अशी दोन नावं काढलीत. ताईंना वर्गात पाच जणींचं नसेल असं नाव पायजे, गुरुजींनी मृगाचा तिसरा चरण म्हणून ‘का’ अक्षर दिलंय, आणि ताईंच्या मनात लग्न झाल्यापासून ‘कयाधू’ बसलंय कारण सासरी पहिल्यांदा जाताना पुलावरून ती नदी दिसली होती. आजेसासूबाई म्हणायल्यात की राक्षसाच्या बायकोचं नाव आपल्या घरात नको, त्यात आपलं कुलदैवत पोखर्णीचा नरसिंह! तर विचारलंय की या शब्दाचा अर्थ काय, हे नाव ठेवणं अशुभ आहे का, आणि धु ऱ्हस्व की दीर्घ.

ताई, आधी ॲपवाल्या नावांचं उरकून घेऊ. ‘आरव’ म्हणजे शांत असं सगळीकडं लिहिलेलं असतं, पण संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा, आणि शांत हवं असेल तर तो ‘नीरव’. कोंबडा आरवतो हे आपल्याला काही संस्कृत न शिकता माहीत आहे की. म्हणून आरवी नाव वाईट आहे असं नाही, नवीन लेकराचे पहिले तीन महिने बघता एकदम योग्यच आहे, फक्त ‘शांत स्वभावाची’ म्हणून ठेवू नका. आणि रेयांशचा अर्थ ‘सूर्यकिरणाचा अंश’ सांगतात तर किरणाला संस्कृतात रश्मी, मरीची, मयूख, अंशू असे ढीगभर शब्द आहेत, त्यात ‘रे’ कुठंच नाही, तो इंग्रजीतला रे. अर्धं इंग्रजी अर्धं संस्कृत, मिसळीसारखं. कुणाला आवडत असेल तर खुशाल ठेवावं, पण मग त्याला वैदिक नाव म्हणू नये एवढंच माझं म्हणणं.

आता कयाधू. या नावाची फोड करून अर्थ काढायच्या नादाला लागू नका. कुणीतरी नक्की सांगेल की काया धुणारी ती कयाधू, नदी आहे ना म्हणून, पण ‘काया’ वेगळं आणि ‘कया’ वेगळं, हे सगळं मागून जुळवलेलं. विशेषनामाचा अर्थ बऱ्याचदा धातू-प्रत्ययात नसतो, ते ज्या माणसाचं होतं त्या माणसात असतो. दमयंती म्हटलं की तुम्हाला दम् धातू आठवतो का नल आठवतो? तसंच हे.

तर ही बाई कोण. भागवताच्या सहाव्या स्कंधात ओळ आहे, ‘हिरण्यकशिपोर्भार्या कयाधुर्नाम दानवी’. हिरण्यकशिपूची बायको, जंभाची लेक, प्रल्हादाची आई. आणि बगा, तिथं ‘दानवी’ म्हटलंय. मराठीत आपण सगळ्यांना सरसकट राक्षस म्हणून मोकळे होतो, पुराणात मात्र भावकी वेगवेगळी आहे. दितीची पोरं ती दैत्य, दनूची पोरं ती दानव, राक्षस ते रावण-कुंभकर्णाकडचे. हिरण्यकशिपू दैत्य, कयाधू दानवी. म्हणजे ‘राक्षसाची बायको’ हे शब्दाला शब्द धरून बघितलं तर दोन्हीकडून चुकीचंच आहे. पण हे आजेसासूबाईंना सांगायला जाऊ नका, त्यांना राग यायचा, त्यांच्यासाठी पुढचं आहे.

सातव्या स्कंधात गोष्ट येते. हिरण्यकशिपू तपाला गेलेला, देवांनी हल्ला केला, इंद्र कयाधूला धरून न्यायला लागला, ती पोटुशी होती. वाटेत नारद भेटले, त्यांनी इंद्राला चांगलं झापलं की हिच्या पोटात भक्त आहे, सोड तिला. इंद्रानं सोडलं, आणि नुसतं सोडलं नाही तर तिला प्रदक्षिणा घालून मग गेला. मग नारदांनी तिला आश्रमात लेकीसारखी ठेवून घेतली, नवरा परत येईपर्यंत, आणि तिला जो उपदेश केला तो पोटातल्या प्रल्हादानं ऐकला. आज गर्भसंस्काराचे क्लास निघालेत, सीडी निघाल्या, त्या सगळ्याच्या आधीची बाई ही. (भागवतात पुढं असंही आहे की दिवस गेले तसं आई ते ज्ञान विसरून गेली आणि लेकराच्या लक्षात राहिलं. ‘बाई होती म्हणून विसरली’ असंही कारण दिलंय, ते मला काही पटत नाही. बाळंतपणानंतर काय काय विसरायला होतं ते तुम्हाला आता माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.)

म्हणजे आजेसासूबाईंना एवढंच विचारा, मायबाई, नरसिंह खवळला होता तेव्हा लक्ष्मीसुद्धा जवळ जायला घाबरली, त्याला शांत केलं ते लेकरू कुणाचं? कयाधूचं. तुमच्या कुलदैवताला अवतार घ्यायला लावला तो हिच्या पोरानं. आणि हे हिंगोलीच्याच माणसांना सांगायला पायजे याची मला गंमत वाटते, कारण संत नामदेवांचं नरसी गाव ह्याच कयाधूच्या काठावर आहे, आणि ‘नरसी’ हे नरसिंहचंच बोलीतलं रूप, नरसी मेहतांच्या नावात आहे तेच. नरसिंहाच्या नावाचं गाव प्रल्हादाच्या आईच्या कुशीत बसलंय आणि तिथं वारकरी पिढ्यानपिढ्या जातायत. त्या नदीच्या पाण्यात पाय धुताना कुणाला ती दानवी आठवत नाही.

दुसरं म्हणजे असुरांच्या घरातली नावं आपण आधीच पोतंभर घेऊन बसलोय. वृंदा ही जालंधराची बायको, आणि अंगणात रोज पाणी कुणाला घालतो आपण? सुलोचना इंद्रजिताची. शर्मिष्ठा वृषपर्व्याची लेक, तोही दानवच. उषा बाणासुराची. ह्या उषेचं तर नातं जुळवून बघा, प्रल्हादाचा विरोचन, विरोचनाचा बळी, बळीचा बाण, बाणाची उषा. तुमच्या सासरी-माहेरी एक तरी उषामावशी, उषाकाकू असणारच, त्या सगळ्या कयाधूच्याच वंशातल्या नावाच्या! आणि बळी. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणून दिवाळीत ओवाळणाऱ्या आपल्या आयाबायांना बळीची पणजी मात्र नको, असं कसं चालेल. राहिली मंदोदरी. ती तर थेट रावणाचीच, पण पंचकन्यांच्या श्लोकात आहे आणि आपल्या बीड-धाराशिवकडं जुन्या पिढीत मंदोदरी नावाच्या बायका होत्या, माझ्या आजोळी शेजारच्या घरात एक होत्या, सगळं गाव त्यांना मंदूबाई म्हणायचं, आणि त्यांच्या हातच्या शेंगाच्या चटणीला कुणी राक्षसी म्हटलेलं मी ऐकलं नाही (तिखटासाठी सोडून).

एखादे शास्त्र वाचलेले काका असंही म्हणतील की नदीचं नाव मुलीला ठेवू नये. आहे, मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात तसं आहे खरं, नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी यांची नावं असलेली मुलगी करू नये म्हणून. पण मग गंगा, यमुना, गोदावरी, भागीरथी, रोहिणी, रेवती, तुळसा, मैना ह्या सगळ्या बिनलग्नाच्या राहिल्या असत्या. लोकांनी तो श्लोक कधीच मनावर घेतला नाही.

आता थोडं भाषेचं बोलू कारण मला खरी मजा तिथं वाटते. नदी आणि पोरगी यांचं नाव एकच असलं तरी मराठी त्यांना वेगळं ठेवते, तुमच्या लक्षात आलंय का? ‘पूर्णेला पाणी आलं’ म्हणजे नदीला, ‘पूर्णाला बोलव’ म्हणजे पोरीला. ‘गोदेला पूर’ पण ‘गोदाला ताप’. पुराणातली असली तर राधेला, सीतेला, आणि गल्लीतली असली तर राधाला, सीताला. आकारान्त नावाचं सामान्यरूप केलं की ते नाव एकदम पोथीत जाऊन बसतं आणि नाही केलं की घरातलं होतं. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. कयाधूच्या बाबतीत ही सोय नाही, ऊकारान्त असल्यामुळं नदीलाही कयाधूला आणि पोरीलाही कयाधूला. म्हणजे पावसाळ्यात ‘कयाधूला पूर आला’ अशी बातमी लागली की घरात हसाहशी होणार, त्याची तयारी ठेवा.

पण त्या ऊचा एक फायदापण आहे. साळू, ठकू, गंगू, यमू, जिजाऊ, मराठीत लाडाचा ऊ जुनाच, आणि बाकीच्या नावांना तो मागून लावावा लागतो, हिला तो आधीच लागून आलाय. मला तर हे नाव ऐकायला म्हणूनच परकं वाटत नाही, भागवतातलं असून चुलीपुढं बसल्यासारखं वाटतं.

लिहायचं कसं, तर कयाधू, धू दीर्घ. संस्कृत श्लोकात तुम्हाला ऱ्हस्व दिसेल पण मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात, कवी, गुरू, साधू, तसंच हे. बोलताना आपली माणसं ‘कयादू’ म्हणणार, दुधाला दूद म्हणतो तसं, त्याला इलाज नाही. ध चा द झाला तर होऊ द्या, ध चा मा होत नाही तोवर ठीक आहे.

एक मात्र खरं सांगतो, लपवत नाही. शाळेतली पोरं ‘कया, भांडी धू’ म्हणून चिडवणार. शंभर टक्के चिडवणार. नाव पक्कं करायच्या आधी आई म्हणून तुम्ही हे एकदा मोठ्यानं म्हणून बघा, हसू आलं तर ठेवा, डोळ्यात पाणी आलं तर दुसरं बघा. कुठलंही नाव आधी उंबऱ्यात उभं राहून हाक मारून बघावं असं मला वाटतं. ‘ये कयाधूऽऽ, आत ये, जेवायचं नाही का!’ मी आत्ता मारून बघितली, चांगली लांब जाते. रेयांशीची हाक गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा जायची नाही.

नाहीच पटलं घरात, तर नद्या आपल्याकडं काही कमी नाहीत आणि कुणी वापरलेल्यापण नाहीत. लातूरची रेणा, जिच्यावरून रेणापूर. तेरणा. बीडची बिंदुसरा, हे तर कुठल्याही ॲपवाल्याला सुचायचं नाही असं नाव आहे. शिवना, गिरजा, नांदेडकडची आसना, दुधना. दुधना जरा म्हशीचं वाटतं, मान्य. मांजरा ठेवू नका, कारण सांगायला नको, पण तीच नदी तेलंगणात गेली की मंजीरा होते आणि मंजीर म्हणजे पायातलं नूपुर, म्हणजे मंजीरा ठेवायला हरकत नाही. फक्त ह्यातलं एकही ‘का’वरून नाही. तसं तर कयाधूसुद्धा ‘का’वर नाही, ‘क’वर आहे, पण गुरुजी तेवढं चालवून घेतात, आणि नाही घेतलं तर पत्रिकेतलं नाव कावेरी लिहा आणि हाकेचं कयाधू. दोन नावं असायची पद्धत आपल्याकडं होतीच की.

आणि घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला पाहिजे पण ती बिननावाची होते, नाव नंतर घालता येतं, नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत घातलं तर काही फी नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. दवाखान्यातून दाखल्यासाठी विचारायला लागले म्हणून घाबरून काहीतरी लिहून देणारे लई बघितलेत मी. इंग्रजी स्पेलिंग मात्र पहिल्या दिवशी जे ठरवाल तेच सगळीकडं, दाखल्यावर, आधारवर, शाळेत. शेवटी यू लावा, डबल ओ नको, नाहीतर दहावीच्या मार्कमेमोपर्यंत ती दोन वेगवेगळ्या पोरी झालेली असेल.

बारशाचं एक राहिलं. नाव कानात सांगणार आत्या, आणि वेगळं नाव असलं की आत्याचा घोटाळा होतोच. आमच्या घरात पुतणीचं बिंदुसरा ठरलं होतं, पाळण्याला कागद चिकटवलेला होता, घुगऱ्या वाटायला तयार, पण कुर्रर्र म्हणायला आत्या वाकली आणि मागून पाठीत धपाटे सुरू झाले (आपल्याकडं धपाटे दोन प्रकारचे, हे दह्यासोबत न खायचे), त्या गडबडीत तिच्या तोंडून ‘बिंदू’ एवढंच निघालं आणि पुढचं बायकांच्या हसण्यात गेलं. पोरगी आता बारावीला आहे, दाखल्यावर बिंदुसरा, बाकी सगळ्या जगासाठी बिंदू. तेव्हा तुमच्या नणंदबाईंना आठवडाभर आधी पाठ करायला लावा, आणि धपाटे घालणाऱ्यांना सांगा की ‘धू’ येईपर्यंत दम धरा.