करवतीखालचा वास

(लाकूडकामाविषयी वाचकांनी पाठवलेले प्रश्न. उत्तरं देतात शहाद्याचे एक जुने सुतार. गावात त्यांना सगळे नानाच म्हणतात.)

प्रश्न : नाना, मी धुळ्याला आयटीआयमध्ये सुतारकाम शिकतो. आमचे सर लाकडाचा तुकडा नाकाशी नेतात आणि नाव सांगून मोकळे होतात. मला सकाळी थोडा फरक कळतो, दुपारनंतर सगळी लाकडं सारखीच वाटतात. हे शिकता येतं का?

येतं. आणि बाळा, शिकच. आजकाल पोरं प्लायवर कामाला लागतात आणि प्लायवरच म्हातारी होतात, सागाचा वास ओळखायची वेळच त्यांच्यावर येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. तू विचारलंस, बरं वाटलं.

दुपारी सगळं सारखं वाटतं त्यात तुझ्या नाकाचा दोष नाही. एकाच वासात बराच वेळ राहिलं की नाक त्याची दखल घेणं सोडतं. आमच्याकडे गिऱ्हाईक दारातून आत येताच विचारतं, ‘साग चिरला का आज?’ आतल्या कारागिराला मात्र काहीच जाणवत नसतं. म्हणून ओळख करायची ती सकाळी, करवत सुरू व्हायच्या आधी, बाहेर मोकळ्या हवेत.

वास घ्यायचा तोही नुकत्याच कापलेल्या जागेचा. लाकडातली तेलं आणि राळ उडून आपल्या नाकापर्यंत येतात, तोच वास. वरच्या पृष्ठावरून ती केव्हाच उडून गेलेली असतात. रंधा मारला की आतली मोकळी होतात. झाड हा साठा करतं गाभ्यात, कडेच्या पांढऱ्या लाकडात तो नसल्यातच जमा. चंदनासारख्या चंदनाचीही पांढरी कड बिनवासाची असते. तेव्हा कडेचा तुकडा हुंगून निकाल देऊ नकोस.

सुरुवात सागापासून कर. सागाचा वास तेलकट, थोडा कमावलेल्या चामड्याकडे झुकणारा. बोटाला लाकूड किंचित मेणचट लागतं. त्यात वाळूचा, म्हणजे सिलिकाचा अंश असतो, म्हणून रंध्याचं पातं लवकर बोथट होतं. पातं पुन्हा पुन्हा लावायला घ्यावं लागतं आणि तोवर वास हाताला चिकटून राहतो. नवापूरकडे डांगचा साग यायचा. तो चिरला की दुसऱ्या दिवशीही अंगातल्या सदऱ्याला वास असायचा. शिसम याच्या अगदी उलट. त्याचा वास गोडसर, गुलाबाच्या जवळ जाणारा. पहिल्या दोन-तीन छिलक्यांना तो जोरात येतो आणि लवकर विरतो, म्हणून रंधा थांबवून लगेच हुंगायचा. ही दोन लाकडं डोळे मिटून वेगळी करता आली की पुढचं सोपं.

निंब घशात कळतो. त्याचा भुसा उडाला की तोंड कडू होतं. बाभळीचं कापलेलं टोक जिभेला लावून बघ, तुरट लागेल. तिच्यातल्या टॅनिनमुळे ओल्या बाभळीवर लोखंडी पटाशी ठेवून विसरलास तर काळा डाग पडतो. ओळखीची ती आणखी एक खूण. सातपुड्यात सालई पुष्कळ. तिच्या डिंकाचा धूप जाळतात. साल खरवडली तरी तो वास येतो, पण लाकूड मऊ, खोक्यांच्या कामाचं. पॅकिंगच्या खोक्यातून निघणाऱ्या पाइनला टर्पेंटाइनचा वास असतो, कारण टर्पेंटाइन त्याच्याच राळेतून काढतात. निलगिरीच्या फळीला निलगिरी तेलाचा वास येईल म्हणून वाट बघू नकोस, ते तेल पानात असतं. आणि अंजन हुंगू नकोस, उचलून बघ. पाण्यात बुडणारं लाकूड आहे ते. त्याची ओळख मनगटाला पटते.

एक गोष्ट मात्र मनावर घे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातली आहे. नाकाच्या आतल्या भागाला तिचा धोका असतो. म्हणून ओळखीसाठी रंध्याचा छिलका नाकाशी न्यायचा, भुसा कधीच नाही. सँडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र, चालू असताना मास्क लावायचा आणि सर लावत नसतील तरी तू लावायचा. वर्गातल्या इतरांनाही हे सांग.

प्रश्न : अमळनेरजवळ आमचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, जुनं घर पाडायचं आहे. सरे (छताची मोठी आडवी लाकडं) आणि कड्या (त्यांवरची बारीक लाकडं) सागाच्या, असं सासरे सांगायचे. पण लाकूड घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याने एक कडी हुंगली आणि म्हणाला, याला सागाचा वासच नाही, जळाऊ भावाने देऊन टाका. खरं का?

ताई, थांबा. काही देऊ नका.

तुमच्या कड्यांनी पिढ्यानपिढ्या चुलीचा धूर खाल्ला आहे. वरून पांढऱ्या मातीचा थर, खालून काजळी. बाहेरून हुंगलं तर धूर आणि मातीच येणार, लाकूड कोणतंही असो. त्या माणसाला खरंच कळत नसेल किंवा तुम्हाला कळत नाही असं त्याने धरलं असेल. कोणतं, ते मी इथे बसून सांगणार नाही.

एक माहितगार सुतार बोलवा. कडीच्या टोकाजवळ आधी खिळे बघा, ते काढा. मग रंध्याने वरचा काळा थर जाऊ द्या, सोनेरी तपकिरी लाकूड दिसेपर्यंत. छिलका हातात चोळून जरा गरम करा आणि मग हुंगा. जुन्या सागाचा वास मंद होतो, पण आतलं तेल बरंच टिकतं. ते टिकतं म्हणून तर वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. वास फिका वाटला तर टोक आडवं कापून बघा. सागाची वर्षावर्षाची वलयं साध्या डोळ्यांना स्पष्ट दिसतात, आणि वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ असते. वास, वलयं आणि मेणचट स्पर्श, तिन्ही जुळलं की साग समजा.

मात्र सगळ्या कड्या सागाच्याच असतील असं धरू नका. आपल्याकडे धाबं बांधताना खांब आणि सरे चांगले घालायचे आणि कड्यांना वावरातला निंब, बाभूळ, जे हाताशी असेल ते लागायचं. म्हणून एकेक कडी तपासून तिच्यावर खडूने नाव लिहा, लांबी-जाडी मोजा आणि भाव घनफुटावर ठरवा. ढीग करून उक्तं विकू नका. जुना साग पुरता मुरलेला असतो, त्याच्या दाराला पीळ पडत नाही. असं लाकूड आज नव्याने मिळवायला फार पैसे पडतात. आणि जमलं तर दोन सरे स्वतःसाठी ठेवा. नव्या घराला त्यांचा उंबरा आणि चौकट करा, माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : महिन्यापूर्वी करून घेतलेलं कपाट उघडलं की डोळ्यांत चुरचुरतं. नव्या लाकडाचा वास म्हणून सोडून द्यावं का? (जळगाव)

तो लाकडाचा वास नाही. स्वस्त प्लाय आणि एमडीएफ (लाकडाच्या लगद्याची दाबलेली फळी) यांच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड नावाचं डोळ्यांना झोंबणारं रसायन असतं, ते सुटतं आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उष्णतेने ते जास्तच सुटतं. कपाट रिकामं करून दारं उघडी ठेवा, खोलीला आरपार हवा लागू द्या. आतले उघडे काठ आणि मागची कच्ची बाजू पॉलिशने किंवा लॅमिनेटने बंद करून घ्या, बरंचसं तिथूनच बाहेर पडतं. पुढच्या वेळी ‘ई-१’ किंवा ‘ई-०’ असा शिक्का असलेला, म्हणजे फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा, माल मागा. लहान मूल त्या खोलीत झोपत असेल तर चुरचुर पूर्ण जाईपर्यंत त्याला दुसरीकडे झोपवा.