आयसीयूतल्या नर्सनं रुग्णवाहिकेच्या ड्यूटीला नाव द्यावं का?

तुम्ही विचारलंय की सहा वर्षं आयसीयूत काढल्यावर रुग्णवाहिकेच्या ड्यूटीला नाव द्यावं का आणि बाकीच्या नर्सेसना याबद्दल काय वाटतं. मी कॅज्युअल्टीतली. मध्ये अडीच वर्षं गाडीवर होते. माझं म्हणणं, नाव द्या, पण दोन गोष्टी लेखी घेऊन मगच.

आधी मैत्रिणींचं सांगते. लोकांना वाटतं नर्स रक्ताला, अपघाताला घाबरत असेल. ते तर आमच्याकडे रोजच येतं. धास्ती असते ती ऑर्डरची, म्हणजे औषध द्यायला डॉक्टरांनी सांगितलेलं असण्याची. वॉर्डात बीपी पडलं की डॉक्टरांना हाक मारता येते. गाडीत कुणाला मारणार? "इंजेक्शन दिलं, पेशंट गेला, आणि उद्या कुणी विचारलं कुणाच्या सांगण्यावरून दिलं, तर?" हा प्रश्न मी चहाच्या वेळी किती जणींकडून ऐकला असेल!

म्हणून पहिली लेखी गोष्ट म्हणजे ठरलेल्या ऑर्डरी: कुठल्या परिस्थितीत कुठलं औषध, किती, आणि फोनवर कोणता डॉक्टर. स्वीडनमध्ये 2005 पासून रुग्णवाहिकेवर निदान एक नोंदणीकृत नर्स असतेच. नेदरलँड्समध्ये नर्स आणि ड्रायव्हर अशी जोडी असते आणि नर्स राष्ट्रीय प्रोटोकॉलप्रमाणे स्वतः औषधं देते. तिथली नर्स काही वेगळ्या मातीची नाही, तिच्या हातात कागद आहे, प्रशिक्षण आहे.

दुसरी गोष्ट, वेगळं रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचा तक्ता. वॉर्डातली एक सिस्टर उचलून गाडीत बसवली की मागे राहिलेल्या तिघींचे हाल होतात आणि शिव्या गाडीवालीला पडतात. मी खाल्ल्यात.

आता कामाचं. आयसीयूतला हात इथे सुरुवातीला उपयोगी पडत नाही, याची तयारी ठेवा. माझा पहिला कॉल होता जिन्यात कोसळलेल्या गृहस्थांचा. नाडी नव्हती. अर्ध्या जिन्यात अडकलेल्या माणसाला कॉम्प्रेशन, म्हणजे छातीवर दाब, द्यायचं कसं? आधी ओढून सपाट जागी आणलं, मग गुडघ्यांवर बसून मिनिटाला 100 ते 120च्या वेगानं सुरू केलं. डोक्यावर नातेवाईकांचा आरडाओरडा. क्रॅश कार्टकडे, म्हणजे आयसीयूतल्या तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीकडे, हात जायचा आणि तिथे भिंत असायची.

चालत्या गाडीत स्टेथोस्कोपमधून इंजिनच ऐकू येतं. मग बीपी नाडीवर बोट ठेवून घ्यायचं, वरचा आकडा मिळतो, तेवढ्यावर भागवायचं. सुई लावायला व्हेन (शीर) मिळत नसेल तर ड्रायव्हरला सरळ "बाजूला घे" म्हणायचं, लाजायचं नाही. निघण्याआधी ऑक्सिजनचा हिशेब करा: 680 लिटरचा भरलेला सिलिंडर मिनिटाला 15 लिटरनं पाऊण तासात संपतो. ट्रॅफिकमध्ये पाऊण तास म्हणजे काहीच नाही. सक्शनची, म्हणजे तोंडातली उलटी-लाळ ओढून घेणाऱ्या मशीनची, बॅटरीही रोज ड्यूटीच्या सुरुवातीला तपासा. आमची एकदा भर उलटीत बंद पडली होती.

हँडओव्हरबद्दल, म्हणजे पेशंट हॉस्पिटलच्या ताब्यात देण्याबद्दल, माझं मत मात्र पार बदललं. पूर्वी गाडीवाल्यांच्या अर्ध्यामुर्ध्या कागदांवर मी चिडायचे. आता कॅज्युअल्टीत परत आल्यापासून आधी विचारते, "सापडला तेव्हा कसा होता?" कारण ते त्यांनीच पाहिलेलं असतं, कागदावर येतच नाही.

आणि कुणी सांगणार नाही म्हणून: मागे आडवं बसून गाडी लागते. मला पहिले पंधरा दिवस लागायची. पोट रिकामं ठेवून जाऊ नका, त्यानं जास्त लागते.