अंगठी किंवा मनगटी पट्ट्यातल्या तापमान सेन्सरवरून ओव्ह्युलेशनचा (अंडाशयातून बीज बाहेर पडण्याचा) दिवस आधी कळतो का?

आधी नाही, नंतर कळतो. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं. सेन्सर झोपेत त्वचेचं तापमान मोजत राहतो, त्यामुळे पहाटे थर्मामीटर लावायची कटकट वाचते. पण चढ दिसेपर्यंत बीजाच्या आयुष्याचे १२ ते २४ तास बहुधा संपलेले असतात. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत टिकतात, म्हणून गर्भधारणेसाठी महत्त्वाचे दिवस चढाच्या आधीचेच.

पाळीच्या तीन-चार चक्रांच्या नोंदी ठेवा, सोबत लघवीतलं एलएच (बीज बाहेर पडण्याआधी वाढणारं संप्रेरक) तपासणारी पट्टी वापरा. ती साधारण दीड दिवस आधी इशारा देते. ताप, जागरण, मद्य यांनी आकडे बिघडतात. गर्भ टाळण्यासाठी नुसत्या सेन्सरवर कृपया विसंबू नका.